पहिलीच्या बाई

नोंदखोलीत माणूस आला की बाई आधी त्याच्या कमरेकडे बघायच्या, तोंडाकडे नंतर. कमरेला पट्टा आणि बुटांना नाड्या असल्या की समजायचं, हा पहिल्यांदाच आलाय. जो आधी येऊन गेलाय तो पट्टा घरी ठेवून येतो, पायात चपला सरकवतो आणि कोणी सांगायच्या आधी खिसे उलटे करून दाखवतो. त्याला सगळं ठाऊक असतं. पहिल्यांदा आलेल्याला काही म्हणजे काही ठाऊक नसतं. पट्टा काढा म्हटलं की तो आधी मागे वळून बघतो, दुसऱ्या कोणाला म्हणाले असतील म्हणून.

तुरुंगाच्या त्या खोलीत बाईंनी एकोणतीस वर्षं काढली. कारकून म्हणून हो, कैदी म्हणून नव्हे! पण बाईंचा नवरा म्हणायचा, "फरक एवढाच, की तुला संध्याकाळी सोडतात." नवरा बस डेपोतला निवृत्त मेकॅनिक. हा विनोद त्याला इतका आवडायचा की महिन्यातून एकदा तो व्हायचाच. बाईही महिन्यातून एकदा हसायच्या, संसार म्हटल्यावर एवढं करावं लागतं.

खोलीत जाळी लावलेली एक खिडकी, एक वजनकाटा, उंची मोजायला भिंतीवर रंगवलेल्या रेघा, एक लांब बाक आणि तीन टेबलं. तिसऱ्या टेबलावर माणसाच्या वस्तू काढून घेऊन पाकिटात बंद करायच्या, तिथे 'टकटक' बसायचा. बोटं टाइपरायटरवर असल्यासारखी आपटायचा म्हणून टकटक. दुसऱ्या टेबलावर अंगठा आणि फोटो. आणि पहिल्या टेबलावर बाई. तुरुंगात पूर्वीपासून दोन नोंदवह्या, एक पुन्हा आलेल्यांची आणि एक पहिल्यांदा आलेल्यांची. ही दुसरी वही बाईंकडे. म्हणून शिपायांनी त्यांचं नाव 'पहिलीच्या बाई' पाडलं होतं.

नाव चेष्टेत पडलं, पण चिकटलं ते काही उगीच नाही. बाई प्रत्येकाला आधी "बसा" म्हणायच्या. नियमात बसवायचं कुठेही लिहिलेलं नाही, उभ्याउभ्या नोंद करायची असते. बाई म्हणायच्या, माणसाचे पाय लटपटतायत, त्याला उभा करून मी काय अक्षर काढणार? मग सगळ्यांना अहो-जाहो. मग पुढे काय काय होईल ते एकेक करून सांगायचं: आता अंगठा, मग वस्तू, मग डॉक्टर, मग बराक, जेवण अमुक वाजता. "आणि रडायचं असेल तर इथेच रडून घ्या," हेही त्या सांगायच्या. "पुढच्या टेबलावर वेळ देत नाहीत." मोठमोठे मिशीवाले त्या बाकावर हुंदके देऊन गेलेत. बाई तेवढ्यात पेन्सिलीला टोक करत बसायच्या, म्हणजे रडणाऱ्याला अवघडायला नको.

अशा बाईंचं कौतुक करायचं नाही तर कोणाचं करायचं?

आता त्यांच्या खणातल्या वहीबद्दल सांगायला हवं. सरकारी नव्हे, शाळेची दोनशे पानी वही. रोज घरी जायच्या आधी बाई तीत त्या दिवशी पहिल्यांदा आलेल्यांच्या रेघा मारायच्या. वय किती, काम काय करतो, कशापायी आला. कोणी सांगितलं नव्हतं. "रोज इतकी माणसं डोळ्यांसमोरून जातात," त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "कोण गेलं एवढं तरी माहीत असावं." अशा पाच वह्या भरल्या, तेव्हा बाईंना जे दिसलं ते तुरुंगात दुसऱ्या कोणाला दिसलं नव्हतं.

सुरुवातीच्या वर्षांत पहिल्यांदा येणारे सगळे विशी-पंचविशीतले. मारामारी, चोरी, कुठेतरी दारूच्या नशेत काच फोडलेली. दोघे-तिघे मिळून यायचे आणि बाकावर बसूनही एकमेकांना कोपरं मारायचे. पुढे हळूहळू एकटी माणसं येऊ लागली. मग वय चढायला लागलं. आता दहा नवे आले तर चार जण पन्नाशीच्या पुढचे. त्यांनी कोणाचं डोकं फोडलेलं नसायचं, की कोणाच्या घरात शिरलेले नसायचे. त्यांची कोर्टाची तारीख चुकलेली असायची! शेजाऱ्याशी भिंतीवरून भांडण, दुकानाच्या पाटीवरून भांडण, असलं काहीतरी वर्षानुवर्षं चाललेलं. पूर्वी समन्स घेऊन माणूस दारात यायचा, आता निरोप फोनवर येतो. ह्यांना फोनवर बोलता येतं, वाचता येत नाही. दोन तारखा हुकल्या की वॉरंट, आणि वॉरंट निघालं की बाईंसमोरचा बाक.

आणि दुसरी गोष्ट तर बाईंच्या जिवालाच लागली होती. अर्जात एक रकाना असतो, 'कोणास कळवावे', आणि त्यापुढे नंबर. पूर्वीची पोरं तीन-तीन नंबर धडाधड सांगायची. आता कोणालाच एकही नंबर पाठ नाही. साठ वर्षांचा माणूस, घरात तीन मुलं, आणि एकाचाही नंबर येत नाही! "फोनमध्ये आहे," म्हणतो. फोन तर पाकिटात बंद. मग घरच्यांना कळायला दोन दिवस, चार दिवस. आणि पहिले चार दिवसच वाईट असतात. त्या दिवसांत काय काय होतं ते बाईंनी पाहिलं होतं, त्याबद्दल त्या घरीही बोलायच्या नाहीत.

त्यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला होता. कागदाचे अर्धे-अर्धे ताव कापून ठेवायचे. फोन टकटककडे जायच्या आधी माणसाच्या हातात दोन मिनिटं द्यायचा आणि म्हणायचं, "तीन नंबर उतरवून घ्या. एक घरचा, एक जवळच्याचा आणि एक जो हमखास उचलतो त्याचा." दोन मिनिटं, अर्धा कागद. सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण नव्या झाडूसारखा सगळीकडे फिरत होता. त्यांनी कॉम्प्युटरवर नवा अर्ज आणला आणि रांग लवकर हलावी म्हणून हुकूम काढला, की फोन दारातच बंद करून पाकिटात सील करायचा. अर्धा कागद गेला. बाई भांडल्या. साहेब म्हणाले, "बाई, अर्जात नंबरचा रकाना सक्तीचा केलाय. दहा आकडे भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. आणखी काय हवं?"

आता ज्याला नंबरच येत नाही त्याचे दहा आकडे आणायचे कुठून? कॉम्प्युटरला दहा आकडे हवेत ना, मग घे दहा शून्यं! ही अक्कल टकटकने बाईंच्या सुट्टीच्या दिवशी पहिल्यांदा लढवली, आणि आठवड्याभरात बदलीवर येणारा प्रत्येक जण तेच करू लागला. वरच्या ऑफिसला आकडे गेले, शंभरातल्या अठ्ठ्याण्णव नव्या कैद्यांच्या घरचा नंबर नोंदलेला आहे. वरून शाबासकी आली. साहेबांनी ती भिंतीवर लावली आणि बाईंना म्हणाले, "तुम्ही जुन्या आहात. पहिल्यांदा येणाऱ्यांचा कल काय आहे, यावर वर एक अहवाल पाठवायचाय. हेच आकडे घेऊन लिहा."

बाईंनी त्या शाबासकीकडे पाहिलं आणि त्या आपल्या टेबलाकडे परत गेल्या. स्वतः मात्र त्यांनी एकदाही शून्यं भरली नव्हती. नंबर येत नसेल तर त्या पत्ता विचारायच्या, दुकान विचारायच्या, शेजारच्या दवाखान्याचं नाव विचारायच्या, आणि डिरेक्टरी काढून कुठून ना कुठून नंबर मिळवायच्या. एकेका माणसाला वीस-वीस मिनिटं. साहेबांनी हात टेकले होते.

आणि मग तो शुक्रवार उजाडला.

दुपारी अडीचला कोर्टाच्या गाडीतून एकदम बत्तीस जण उतरले. बाकावर जागा नाही, रांग दाराबाहेर, आणि साहेब स्वतः बाईंच्या खुर्चीमागे उभे. एकोणिसावा माणूस समोर आला तो सत्तरीच्या आसपासचा, अंगाने किडकिडीत, नखांत सरस वाळलेला. कमरेला पट्टा होता आणि बुटांना नाड्या.

"बसा. काम काय करता?"

"फोटोंना चौकटी बसवतो."

दुकानाच्या बोळातल्या पन्हळीवरून शेजाऱ्याशी भांडण, दोन तारखा हुकलेल्या. बाईंना पुढचं सगळं पाठ होतं.

"घरी कोण असतं?"

"बायको."

"तिचा नंबर?"

"तिच्याकडे फोन नसतो."

"आणखी कोणी?"

"मेहुणी आहे, पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. नंबर फोनमध्ये आहे." चौकटवाल्याने तोंड उघडलं, मिटलं आणि मान खाली घातली.

"बाई," साहेब मागून म्हणाले, "अजून तेरा आहेत."

बाईंनी शून्याच्या बटणावर बोट ठेवलं आणि दहा वेळा दाबलं. पुढचं पान उघडलं. चौकटवाला दुसऱ्या टेबलाकडे गेला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा बाईंनी एका माणसाला आपल्या टेबलावरून नुसतं ढकलून दिलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना फक्त हायसं वाटलं.

चार वाजता रांग संपली. टकटकने सील केलेल्या पाकिटांच्या याद्या सहीसाठी आणून ठेवल्या. बाईंची सही करायची पद्धत अशी, की प्रत्येक यादी ओळ न ओळ वाचायची. टकटकला त्याचा भयंकर कंटाळा यायचा.

"मोबाइल एक, पट्टा एक, बुटांच्या नाड्या दोन, किल्ली एक, पितळी." बाई थांबल्या. "ही यादी कोणाची?"

"त्या चौकटवाल्या आजोबांची."

"किल्ली कसली?"

"घराची असेल. घराचीच असते सगळ्यांची."

बाईंनी पेन खाली ठेवलं. घरात बायको आहे, मग हा माणूस किल्ली घेऊन कशाला आला? घरात माणूस असलं की किल्ली घरात असते. खिशात किल्ली घेऊन माणूस निघतो, तो बाहेरून कुलूप लावून निघतो.

"टकटक, त्यांना परत बोलाव."

"बराकीत गेले ते. कारण काय सांगू?"

"सांग अंगठा नीट उमटला नाही." नोंदखोलीचं हे जुनं हुकमी कारण, याला कोणी प्रश्न विचारत नाही.

चौकटवाला आला. बाईंनी त्याला बसवलं आणि सरळ विचारलं, "तुम्ही बायकोला घरात ठेवून कुलूप लावून आलात का?"

म्हाताऱ्याची पाचावर धारण बसली. "साहेबांना सांगू नका हो बाई. मी तिला कोंडत नाही. तिला आठवत नाही काही, बाहेर पडली की घर सापडत नाही. दोनदा हरवली. म्हणून तासाभरासाठी बाहेर जाताना कुलूप लावतो. सकाळी आठला लावलं. वाटलं, कोर्टात पुढची तारीख घेऊन अकरापर्यंत परत येईन, तर तिथेच वॉरंटवर धरलं. गॅस बंद केलाय, पाणी ठेवलंय…" आणि मग त्याचा बांध फुटला. "मघाशी सांगणार होतो. पण तुमच्यामागे साहेब उभे. म्हटलं, बायकोला कोंडलं म्हणून आणखी एक कलम लावतील."

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. आठ तास त्याची बायको एकटी कुलपाच्या आत होती. बाईंनी पेन्सिलीला टोकबीक काही केलं नाही. त्या उठल्या आणि त्याला हाताला धरून थेट साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "पोलिसांना कळवू. ते दार उघडतील."

"फोडतील," बाई म्हणाल्या. "आत जिला काही आठवत नाही अशी बाई आहे, साहेब. दार फुटलं तर तिचं काय होईल? किल्ली आपल्या पाकिटात आहे. तुमची सही आणि हे समोर, एवढ्यावर सील उघडता येतं."

"आणि कैद्याच्या घरातून उद्या काही गेलं म्हणजे? जबाबदारी कोणाची?"

"माझी. माझ्या नावावर लिहा." मग बाईंनी एक श्वास घेतला. "आणि हेही लिहा, की यांच्या अर्जात दहा शून्यं आहेत आणि ती मी भरली आहेत. टकटकने नाही, बदलीवाल्याने नाही, मी. भिंतीवरच्या त्या अठ्ठ्याण्णवांत कितीतरी ठिकाणी अशीच शून्यं आहेत. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. आज त्यातल्या एका शून्यामागे कोण बसलंय ते कळलं."

साहेबांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. माणूस तरुण होता, चेहरा लपवायला अजून शिकला नव्हता. त्यांनी पाकीट मागवलं, सील फोडलं, सही केली आणि किल्ली बाईंच्या हातात ठेवली. फोनही काढून पाहिला, तो मेलेला होता. इतका जुना, की त्याचा चार्जर अख्ख्या तुरुंगात कोणाकडे नव्हता. "उंच ताईला बरोबर न्या," ते म्हणाले. उंच ताई म्हणजे दारावरची महिला शिपाई. "आणि बाई, जीप घ्या."

दुसऱ्या मजल्यावर घर होतं. जिन्यात लाकडाच्या पट्ट्या रचलेल्या, दाराला पितळी कुलूप. बाईंनी आधी कडी वाजवली. उंच ताई म्हणाली, "अहो बाई, किल्ली आहे ना आपल्याकडे." बाई म्हणाल्या, "घर त्यांचं आहे." मग त्यांनी कुलूप काढलं.

दारासमोरच खुर्ची ओढून एक लहानखुरी म्हातारी बसली होती. केस नीट विंचरलेले, मांडीवर पर्स, जणू कोणाची तरी वाट बघत बसलीय. भिंतीभर रिकाम्या चौकटी. म्हातारीने दोघींकडे पाहिलं आणि अगदी मनापासून विचारलं, "पहिल्यांदाच येताय ना आमच्याकडे?"

"हो," बाई कशाबशा म्हणाल्या. "पहिल्यांदाच."

"मग उभ्या का? बसा ना."

हजारो माणसांना बाईंनी हा शब्द म्हटला होता. आज त्यांचेच पाय लटपटत होते आणि तो शब्द त्यांना कोणीतरी म्हणालं. बाई बसल्या. आणि रडल्या, उंच ताईच्या देखत. म्हातारीने त्यांना पाणी आणून दिलं.

जरा वेळाने बाईंनी विचारलं, "तुमच्या बहिणीला बोलवायचं का?"

"धाकटीला? बोलवा की."

"नंबर कुठे लिहून ठेवलाय का?"

"लिहायचा कशाला?" म्हातारी म्हणाली, आणि पाढा म्हणावा तशा चालीत दहाच्या दहा आकडे सांगून मोकळी झाली. बाईंच्या पर्समध्ये सवयीने कापलेला अर्धा कागद होताच. त्यांनी नंबर उतरवला आणि उंच ताईने आपला फोन लावून म्हातारीच्या हातात दिला. तीनदा रिंग वाजली आणि म्हातारी "मी बोलतेय" म्हणाली. पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला, "ताई? काय झालं?" तेव्हा कुठे दोघींचा जीव भांड्यात पडला. तासाभरात धाकटी बहीण आपली बॅग घेऊनच आली, आणि बाईंनी किल्ली तिच्याकडून सही घेऊन तिच्या हवाली केली.

अहवालाचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. साहेबांनी भिंतीवरचा कागद स्वतः उतरवला. बाईंच्या पाचही वह्या पुढ्यात घेऊन दोघं आठवडाभर बसले, आणि अहवालात खरं ते गेलं. पहिल्यांदा येणारे म्हातारे होत चाललेत, तारखा चुकून येतायत, आणि त्यांना एकही नंबर पाठ नाही. वरून या खेपेला शाबासकी आली नाही. पण फोन पुन्हा सील व्हायच्या आधी बाईंच्या टेबलावरून जाऊ लागला आणि अर्धा कागद परत आला. आता तो दुसऱ्या तुरुंगांतही देतात म्हणे.

पण ते सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी संध्याकाळी बाई घरी न जाता आधी बराकीच्या जाळीशी गेल्या. चौकटवाला जाळीला धरून उभाच होता.

"ठीक आहेत त्या," बाई म्हणाल्या. "मेहुणी आलीय तुमची, तुम्ही सुटेपर्यंत राहणार आहे. नंबर तुमच्या बायकोनेच दिला, तोंडपाठ."

"तिने?" म्हाताऱ्याचा विश्वास बसेना. "मला रोज सकाळी विचारते हो, तुम्ही कोण म्हणून." मग त्याने हळूच विचारलं, "माझं काही विचारलं का तिने?"

बाई कोणाला खोटं सांगायच्या नाहीत. पहिल्यांदा आलेल्याला तर कधीच नाही.

"नाव नाही घेतलं," त्या म्हणाल्या. "पण टेबलावर दोन कप मांडून ठेवले होते. मला पाणी दिलं ते एका कपातून. उंच ताईने दुसरा घेतला, तर तिच्या हातातून काढून घेतला. म्हणाल्या, तो राहू दे, ते आता येतीलच."

चौकटवाल्याने जाळीवर कपाळ टेकलं. बाई थांबल्या. त्याचं सगळं रडून होईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पर्समधून तो अर्धा कागद काढला आणि जाळीतून आत सरकवला.

"आता हा नंबर पाठ करा."

"या वयात काय पाठ होतंय, बाई?"

"त्यांना होतो आणि तुम्हाला होत नाही? म्हणा."

त्याने म्हटला. शेवटचे दोन आकडे उलटे झाले.

"परत," पहिलीच्या बाई म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला बरोबर आला. चौथ्या खेपेला त्याने कागद उलटा धरून म्हणून दाखवला. मग बाई नोंदखोलीत गेल्या, दिवा लावला, त्याचा अर्ज उघडला आणि एकेक शून्य पुसून त्या जागी एकेक आकडा भरला.